घरच्या संगणकाचे दार बाहेरून उघडताना

मार्चअखेरचे दिवस असतात. पुण्यातील एखादा सनदी लेखापाल नाशिकला अशिलाच्या कारखान्यात जाऊन बसलेला असतो आणि नेमकी हवी असलेली टॅलीची फाइल घरच्या संगणकावर राहिलेली असते. मग घरी फोन जातो. संगणक सुरू कर, अमुक फोल्डर उघड, तमुक फाइल मेलला जोड, अशा सूचना चिरंजीवांना दिल्या जातात आणि अर्ध्या तासाने भलतीच फाइल येऊन पडते. हा अनुभव केवळ लेखापालांचाच नाही. भाषांतरकार, वास्तुविशारद, छायाचित्रकार, घरातून छोटा व्यवसाय चालवणारी मंडळी, या सर्वांचे खरे कार्यालय म्हणजे घरातल्या टेबलावरचा संगणक असतो.

सर्व काही क्लाउडवर ठेवा, असा सल्ला यावर हमखास मिळतो. तो चुकीचा नाही. परंतु अशिलाची कागदपत्रे परक्या कंपनीच्या हवाली करणे काहींना मान्य नसते, काहींच्या छायाचित्रांचा पसारा शेकडो गिगाबाइटचा असतो, तर काहींचे सॉफ्टवेअर परवान्यानुसार एकाच यंत्रावर चालते. अशांसाठी दुसरा मार्ग उपलब्ध आहे. तो म्हणजे बाहेरून येणारी व्हीपीएन जोडणी स्वीकारण्यासाठी घरचाच संगणक सज्ज करणे.

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, अर्थात आभासी खासगी जाळे. इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावरून दोन संगणकांमध्ये सांकेतिक भाषेचा एक बोगदा तयार केला जातो. आत काय चालले आहे, हे रस्त्यावरच्या इतरांना कळत नाही. अलीकडे हा शब्द बहुतेकांना ठाऊक असतो तो जाहिरातींमुळे. दरमहा पैसे भरून घ्यायच्या त्या सेवेत आपला संगणक कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून इंटरनेटवर बाहेर पडतो. येथे दिशा नेमकी उलटी आहे. आपण बाहेर असतो आणि घरचा संगणक सर्व्हर होऊन आपली वाट पाहत असतो. यात कंपनी नाही, तशीच जबाबदारी घेणारेही दुसरे कोणी नाही, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

एक प्रश्न येथे अनेक जण विचारतात. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपची सोय असताना राउटरमध्ये तेवढे एक पोर्ट उघडले तर काय बिघडले? बरेच बिघडते. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडे दिसले की परवलीचे शब्द एकामागून एक आजमावणारी स्वयंचलित यंत्रणा त्यावर तुटून पडते. मे २०१९ मध्ये याच सेवेतील 'ब्लूकीप' हा दोष उघडकीस आला. त्यासाठी तर परवलीचा शब्द ठाऊक असण्याचीही गरज नव्हती. त्याआधी मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर हाहाकार माजवला, तो फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून. व्हीपीएनचा उपयोग असा की, ही सर्व पोर्ट बंद ठेवून एकच भक्कम दार ठेवता येते. दारातून आत आल्यावर मग रिमोट डेस्कटॉप असो की फाइल शेअरिंग, घरात बसल्याप्रमाणे वापरता येते.

आधी पत्ता तपासा

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शिका सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापासून सुरू होतात. भारतात हा क्रम चुकीचा ठरतो. प्रस्तुत प्रतिनिधीने दोन संध्याकाळी खर्ची घालून सर्व जुळवणी केली, किल्ल्या तयार केल्या, राउटरमध्ये पोर्ट वळवले आणि तरीही बाहेरून जोडणी काही होईना. तिसऱ्या संध्याकाळी कळले की, घरच्या जोडणीला जगाला दिसेल असा स्वतःचा पत्ताच नव्हता. ग्राहक सेवा केंद्रातील तरुणाला 'पब्लिक आयपी' हवा आहे, असे सांगितले तेव्हा त्याने अत्यंत नम्रपणे राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला.

झाले होते ते असे. इंटरनेटवर येणाऱ्या प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता लागतो. जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. ते पुरणार नाहीत हे फार पूर्वीच लक्षात आले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या राखीव गटापर्यंत येऊन ठेपला. तेव्हापासून अनेक सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात. या व्यवस्थेला कॅरियर ग्रेड नॅट, संक्षेपाने सीजीनॅट म्हणतात. मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर एकच पाटी असावी आणि आतल्या सदनिकांना क्रमांकच नसावेत, तसा हा प्रकार. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण येत नाही. बाहेरून येणाऱ्या पोस्टमनला मात्र कोणाचे दार वाजवावे हे कळत नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. घरच्या संगणकावरून राउटरचे व्यवस्थापन पान उघडावे. बहुधा ते १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर असते. तेथे 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या मथळ्याखाली दिलेला आयपी पत्ता टिपून घ्यावा. नंतर 'माझा आयपी पत्ता कोणता' हे दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. दोन्ही आकडे सारखे असतील तर मार्ग मोकळा आहे. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असेल, तर आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. हा टप्पा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. पत्ता १० ने, १९२.१६८ ने अथवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर सीजीनॅट तरी आहे किंवा घरात एकामागे एक दोन राउटर तरी आहेत. पुरवठादाराने भिंतीवर ठोकलेला एक आणि आपण हौसेने विकत आणलेला दुसरा, ही जोडी मराठी घरांत काही दुर्मीळ नाही. अशा वेळी पुरवठादाराच्या यंत्राला 'ब्रिज मोड'मध्ये टाकायला सांगावे, म्हणजे ते केवळ तार पुढे देण्याचे काम करते.

सीजीनॅटवर उपाय तीन. पहिला सरळ आहे. पुरवठादाराकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा. अनेक कंपन्या जादा शुल्क घेऊन तो देतात. मात्र संकेतस्थळावर त्याचा उल्लेख सापडेलच असे नाही, म्हणून स्थानिक कार्यालयात किंवा जोडणी देणाऱ्या केबलचालकाकडे विचारणे श्रेयस्कर. दुसरा उपाय आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा. या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. परंतु आपण बाहेर ज्या जाळ्यावर बसलो आहोत, तेथेही सहावी आवृत्ती असावी लागते. हॉटेल आणि कार्यालयांच्या वाय-फायवर ती असेल याची खात्री देता येत नाही.

तिसरा उपाय टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारख्या सेवांचा. यात घरचा आणि बाहेरचा असे दोन्ही संगणक आपणहून एका मध्यस्थाकडे जातात. मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो आणि शक्य असेल तेथे पुढचे संभाषण थेट होते. थेट जमले नाही तर ते मध्यस्थाच्या यंत्रातून जाते, पण सांकेतिक स्वरूपातच. दोहोंकडे वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य योजना आहेत आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. संगणकाच्या अंतरंगात शिरण्याची ज्यांना हौस नाही, त्यांनी हा मार्ग धरावा आणि पुढचा मजकूर केवळ माहितीसाठी वाचावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र येथे दाराची राखण एका कंपनीकडे आणि आपल्या ईमेल खात्याकडे जाते. त्या खात्याचा परवलीचा शब्द कच्चा असेल, तर घराचे कुलूपही कच्चेच.

विंडोजमधील जुनी सोय

घरच्या संगणकाने बाहेरची जोडणी स्वीकारावी, ही कल्पना नवी नाही. विंडोज एक्सपीमध्ये नव्या जोडणीच्या विझार्डमध्येच 'ॲक्सेप्ट इनकमिंग कनेक्शन्स' असा पर्याय होता. पुढे विंडोज ७ आणि १० मध्ये तो थोडा लपला. 'नेटवर्क कनेक्शन्स'ची खिडकी उघडून ऑल्ट कळ दाबली की फाइल या यादीत 'न्यू इनकमिंग कनेक्शन' दिसे. वापरकर्त्याच्या नावापुढे खूण करायची, 'थ्रू द इंटरनेट'वर दुसरी खूण करायची आणि काम फत्ते. एका वेळी एकच पाहुणा आत येऊ शके, पण घरगुती वापरासाठी तेवढे पुरेसे होते. जुन्या लेखांत आणि चित्रफितींत आजही हाच मार्ग सांगितलेला आढळतो.

तो मार्ग आता वापरू नये. याचे कारण त्यामागची पीपीटीपी ही पद्धत. १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून ती मायक्रोसॉफ्टच्या संगणकप्रणालीत आहे. तिच्यातील उणिवा ब्रूस श्नायर आणि 'मज' या टोपणनावाने ओळखले जाणारे संशोधक यांनी १९९८ मध्येच दाखवल्या होत्या. त्यानंतर ओळख पटवण्याच्या पद्धतीत सुधारणा झाली, पण ती अपुरी पडली. जुलै २०१२ मध्ये लास व्हेगास येथील डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी शेवटचा घाव घातला. परवलीचा शब्द कितीही लांबलचक असो, ही सुरक्षा फोडण्याचे सारे काम एका जुन्या ५६ बिटांच्या डेस किल्लीचा शोध घेण्याइतकेच उरते, हे त्यांनी सिद्ध केले. खास बनवलेल्या यंत्राला त्यासाठी एक दिवसही लागत नाही. म्हणजे हॉटेलच्या वाय-फायवर आपली जोडणी होत असताना कोणी ती नोंदवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी घराची किल्ली त्याच्या हाती.

बाजारानेही त्यातून धडा घेतला. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन आणि मॅक या दोहोंतून पीपीटीपी काढून टाकली. ॲण्ड्रॉइडच्या २०२१ मधील बाराव्या आवृत्तीपासून नवी पीपीटीपी जोडणी तयार करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हर प्रणालीच्या भावी आवृत्त्यांतून ती वगळण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा जुन्या मार्गाने घरी सर्व्हर उभा केला, तरी हातातला नवा फोन त्याच्याशी बोलणारच नाही.

तिला आणखी एक जुने दुखणे आहे. पीपीटीपीला १७२३ क्रमांकाच्या पोर्टखेरीज जीआरई नावाचा वेगळाच प्रोटोकॉल लागतो आणि तो अनेक राउटरांच्या गळी उतरत नाही. जोडणी होता होता अडून ८०६ किंवा ७२१ क्रमांकाची त्रुटी पडद्यावर येई, ती यामुळेच. त्या आकड्यांनी कित्येकांच्या रात्री खाल्ल्या आहेत.

नवे कुलूप

आज घरगुती वापरासाठी दोन पर्याय विचारात घ्यावेत. जेम्स योनान यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ओपनव्हीपीएन हे पहिले. ते भरवशाचे आहे, जवळपास प्रत्येक यंत्रावर चालते आणि पाहुण्या जाळ्यांच्या कडक फायरवॉलमधून वाट काढण्यात पटाईत आहे. मात्र त्याची जुळवणी नवख्याला बऱ्यापैकी जड जाते. दुसरा पर्याय वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांची ही निर्मिती मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत मूळ गाभ्याचा भाग झाली. लिनक्समधील तिचा गाभा सुमारे चार हजार ओळींचा आहे. ओळी थोड्या, म्हणून तपासणाऱ्यांना दोष शोधणे सोपे. पुढील विवेचन वायरगार्डविषयी आहे.

यात वापरकर्त्याचे नाव नाही की परवलीचा शब्द नाही. प्रत्येक यंत्राकडे किल्ल्यांची एक जोडी असते. सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची, खासगी किल्ली आपल्या यंत्राबाहेर जाऊ द्यायची नाही. घरच्या संगणकाला लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली ठाऊक असेल, तरच तो लॅपटॉपला ओळख देतो. अनोळखी कोणी दार वाजवले तर वायरगार्ड नकारही देत नाही, गप्प राहतो. पोर्ट चाचपत फिरणाऱ्या यंत्रणेला तेथे कोणी राहते याचा पत्ताच लागत नाही. दुपारच्या वेळी विक्रेत्याने घंटी वाजवल्यावर आतून आवाजच न देणाऱ्या गृहिणीचे हे धोरण संगणकाच्या बाबतीतही फार उपयोगी पडते.

विंडोजवर वायरगार्डचे अधिकृत सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. ते उघडून 'ॲड एम्प्टी टनेल' निवडले की किल्ल्यांची जोडी आपोआप तयार होते. घरच्या संगणकावर 'इंटरफेस' या भागात तीन गोष्टी असाव्या लागतात. खासगी किल्ली आधीच लिहिलेली असते. 'लिसन पोर्ट' म्हणून ५१८२० हा रूढ क्रमांक द्यावा आणि 'ॲड्रेस' म्हणून बोगद्यातील एक पत्ता, उदाहरणार्थ १०.८.०.१/२४. त्याखाली 'पीअर' या भागात लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली आणि 'अलाऊड आयपीज' म्हणून १०.८.०.२/३२ लिहावे. म्हणजे या किल्लीचा मालक १०.८.०.२ याच नावाने आत येईल, दुसऱ्या कोणाच्या नावाने नाही.

लॅपटॉपवर हेच उलट. त्याचा पत्ता १०.८.०.२, पीअर म्हणून घरची सार्वजनिक किल्ली आणि 'एन्डपॉइंट' म्हणून घराचा बाहेरचा पत्ता व त्यापुढे ५१८२०. येथील 'अलाऊड आयपीज' या ओळीने मात्र थांबून विचार करायला लावावे. तेथे १०.८.०.०/२४ लिहिले, तर केवळ घरच्या संगणकाशी होणारे संभाषण बोगद्यातून जाईल. बँकेचे, बातम्यांचे, इतर सर्व काम नेहमीच्या वाटेने. फाइल मिळवण्याइतकाच उद्देश असेल तर हेच योग्य. तेथे ०.०.०.०/० लिहिले, तर लॅपटॉपचे सगळेच इंटरनेट घरामार्गे जाऊ पाहील. विमानतळावरील वाय-फायवर विश्वास नसणाऱ्यांना ते हवे असते, परंतु त्यासाठी घरच्या संगणकाने आलेली माहिती पुढे पाठवणे आवश्यक असते. विंडोजमध्ये ती जुळवणी किचकट आहे. हे हवे असल्यास वायरगार्डची सोय असलेला राउटर किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा लिनक्स संगणक अधिक सोयीचा.

फोनवरील ॲपमध्येही किल्ल्या तयार करता येतात. प्रत्येक यंत्राची किल्ली स्वतंत्र असावी आणि पत्ताही निराळा, तिसऱ्यासाठी १०.८.०.३, असे. एकच जोडी फोन आणि लॅपटॉप दोहोंवर वापरली, तर दोघे एकमेकांना दाराबाहेर ढकलत राहतात. खासगी किल्लीची प्रत स्वतःलाच व्हॉट्सॲप करण्याचा मोहही टाळावा.

राउटर आणि चाचणी

राउटरमध्ये दोन कामे आहेत. प्रथम 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये घरच्या संगणकाचा अंतर्गत पत्ता पक्का करावा, अन्यथा तो एखाद्या दिवशी बदलतो आणि दार भलत्याच भिंतीत उघडते. मग 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या सदरात ५१८२० हे पोर्ट त्या पत्त्याकडे वळवावे. प्रोटोकॉल निवडताना यूडीपी घ्यावा. टीसीपी तसेच राहून गेल्यामुळे वाया गेलेला वेळ मोजला तर मोठा भरेल. हातासरशी राउटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा आणि राउटरचे बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद आहे हे पाहावे. विंडोज फायरवॉलमध्येही त्या पोर्टला आत येण्याची परवानगी असल्याची खात्री करून घ्यावी.

स्थिर पत्ता घेतला नसेल, तर सार्वजनिक पत्ता राउटर पुन्हा सुरू होताच बदलू शकतो. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस ही सोय असते. डकडीएनएस किंवा नो-आयपी यांसारख्या सेवेकडे एक नाव नोंदवायचे. घरातला छोटा प्रोग्राम किंवा राउटर स्वतः, बदललेला पत्ता त्या नावापुढे लिहीत राहतो. लॅपटॉपमध्ये आकड्यांऐवजी ते नाव द्यायचे.

चाचणी घरच्या वाय-फायवरून करू नये. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी जोडणी अनेक राउटरांना जमत नाही आणि सर्व बरोबर असूनही अपयश पदरी पडते. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावे. पोर्ट उघडे आहे की नाही हे सांगणाऱ्या संकेतस्थळांचाही येथे उपयोग नाही, कारण वायरगार्ड अनोळखी माणसाला उत्तरच देत नाही. पाहायची ती एकच ओळ, 'लेटेस्ट हॅण्डशेक'. ती दिसू लागली की बोगदा तयार झाला. ती दिसत असूनही फाइल मिळत नसतील, तर दोष पुढे आहे. विंडोज या नव्या जाळ्याला बहुधा 'पब्लिक' समजते आणि फाइल शेअरिंग अडवते. शिवाय शेअरिंगसाठी खात्याचा परवलीचा शब्द लागतो, रोज संगणक उघडताना टाकतो तो चार आकडी पिन चालत नाही. रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी घरच्या विंडोजची आवृत्ती पाहावी. 'होम' आवृत्ती बाहेरून येणारा रिमोट डेस्कटॉप स्वीकारत नाही, त्यासाठी 'प्रो' लागते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या यंत्राला बाहेरचे दार ठेवणे धोक्याचे.

विजेचा हिशेब

सर्व्हर म्हटला की तो जागा असायला हवा. विंडोज काही वेळाने झोपी जाते आणि बाहेरून कितीही हाका मारल्या तरी उठत नाही, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कायमचे बंद करावे लागते. रिकामा बसलेला डेस्कटॉप ६० वॅट घेतो असे धरल्यास महिन्याला सुमारे ४३ युनिट खर्च होतात. रास्पबेरी पायसारखे यंत्र पाच वॅटवर चालले, तर हाच आकडा साडेतीन युनिटच्या आसपास येतो. शहरात वीज जाणे पूर्वीइतके नित्याचे नसले, तरी पावसाळ्यात एखादा झटका बसतोच. वीज आल्यावर संगणक आपणहून सुरू व्हावा, यासाठी बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा नावाचा पर्याय असतो, तो सुरू करून ठेवावा. विंडोजमध्ये वायरगार्डचा बोगदा बंद होताना चालू असेल, तर संगणकाबरोबर तोही परत येतो. राउटर आणि फायबरच्या डबीला मात्र छोटा बॅकअप देणे आवश्यक, संगणक यूपीएसवर आणि राउटर अंधारात अशी गंमत अनेक घरांत पाहायला मिळते.

किल्ली कोणाला द्यावी

भारतात व्हीपीएन वापरणे बेकायदा आहे, असा एक समज २०२२ पासून पसरला आहे. त्याचे मूळ सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत आहे. व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करावी, असे त्यांत म्हटले होते. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन आणि सर्फशार्क यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. निर्देशांवरील खुलाशानुसार हा नियम सर्वसामान्य जनतेला सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे, कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनसाठी नाही. स्वतःच्याच घरी पोहोचण्यासाठी स्वतः उभारलेला बोगदा ही जनतेला दिलेली सेवा नव्हे.

परंतु हा बोगदा मित्रमंडळींना वापरायला दिला, की प्रश्न वेगळा होतो. न्यू जर्सीतल्या भाच्याला भारतातूनच चालणारे एखादे संकेतस्थळ पाहायचे असते, मामाच्या ठाण्यातील घरात फायबर असते आणि किल्ली दिली जाते. मग तो भाचा, आणि त्याच्या लॅपटॉपवर बसणारे त्याचे खोलीमित्र, जे काही करतील ते सर्व मामाच्या पत्त्यावरून झाल्याचे दिसते. एखादी तक्रार झालीच, तर पोलीस सेवापुरवठादाराकडे अमुक वेळी हा पत्ता कोणाकडे होता असे विचारतात, आणि उत्तर येते ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचे. वायरगार्ड कोण आत आले याची सविस्तर नोंदही ठेवत नाही, केवळ प्रत्येक किल्लीचा शेवटचा संपर्क आणि आलेली-गेलेली माहिती किती, एवढेच दाखवतो. मामांकडे दाखवायला पुरावा उरत नाही.

भाच्याला दुखवायचे नसेल, तर त्याच्या नावाची स्वतंत्र किल्ली करून द्यावी आणि काम झाले की काढून घ्यावी. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर घरचा बोगदा बसवण्याआधी तेथील संगणक विभागाची परवानगी घ्यावी, अनेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही.

फोन हरवला किंवा लोकलमध्ये चोरीला गेला, तर ज्याप्रमाणे सिम बंद करतो त्याप्रमाणे घरच्या संगणकावरील त्या फोनचा 'पीअर' भाग त्याच दिवशी काढून टाकावा. बाकीच्या किल्ल्यांना त्याचा उपद्रव होत नाही. त्यासाठी कोणती किल्ली कोणत्या यंत्राची, हे आधीच एका वहीत लिहून ठेवलेले बरे. सगळ्या किल्ल्या दिसायला सारख्याच, ४४ अक्षरांच्या असतात आणि घाईच्या वेळी त्यांतली फोनची कोणती आणि लॅपटॉपची कोणती हे आठवत नाही.